फ्रेंच भाषेचा 'बृहन्महाराष्ट्र'

मराठी महाराष्ट्रात बोलतात आणि फ्रेंच फ्रान्समध्ये, ही दोन्ही विधाने शालेय भूगोलापुरती ठीक आहेत. आम्ही स्वतः शिक्षकी पेशातील असल्याने पाठ्यपुस्तकांची टवाळी करण्याचा आमचा हेतू नाही; परंतु राणोजी शिंद्यांच्या काळापासून क्षिप्रेच्या काठी नांदणाऱ्या घरांना त्यांपैकी पहिले विधान किती अपुरे आहे हे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. राणोजींचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी महाकालेश्वराच्या मंदिराचा जीर्णोद्धार केला, पुढे १८१० साली दौलतराव शिंद्यांनी राजधानी उज्जैनहून ग्वाल्हेरास नेली. दरबार गेला, घरे राहिली आणि घरांबरोबर भाषाही राहिली. मात्र पुण्याकडचे पाहुणे आले, म्हणजे चार वाक्ये ऐकून मोठ्या कौतुकाने म्हणतात, "तुमच्याकडचं मराठी काय गोड आहे हो !" या गोडव्याचा अर्थ आपण सर्वजण जाणतो. आपल्याकडे दूध नासत नाही, फाटते. पंखा लावीत नाहीत, चालवितात. आणि पाऊस पडण्याऐवजी येतो.

दुसऱ्या विधानाचा अपुरेपणा मात्र आम्हांस गेल्या दोन वर्षांत उमगला, आणि तो ज्या वाटेने उमगला ती वाट आमच्या वयाच्या व पेशाच्या माणसाला थोडी चमत्कारिकच म्हणावी लागेल. ती वाट म्हणजे गिटार, ड्रम आणि विजेच्या वाद्यांवर गाणाऱ्या तरुण मंडळींची गाणी. गीतरामायणाच्या ध्वनिफिती झिजेपर्यंत ऐकलेल्या आणि येथून जेमतेम चाळीस किलोमीटरवर देवासला राहिलेल्या कुमारजींच्या निर्गुणी भजनांवर ज्याचे कान तयार झाले, अशा माणसाने परदेशी रॉकच्या वाटेला जावे हे आमच्या घरातही पुष्कळ दिवस थट्टेचा विषय होते. परंतु त्या गाण्यांत आम्हांस 'गोड मराठी'चीच कथा दुसऱ्या भाषेत ऐकू आली, म्हणून आपल्या वाचकांपुढे हा विषय मांडीत आहोत.

आमची पुतणी सहकुटुंब कॅनडात मॉन्ट्रियल येथे राहते. मॉन्ट्रियल हे क्वेबेक प्रांताचे सर्वांत मोठे शहर. कॅनडा म्हटले की आपल्याकडील लोक इंग्रजीचा विचार करतात. परंतु क्वेबेकची राजभाषा फ्रेंच आहे, आणि १९७७ साली त्या प्रांताने केलेल्या भाषाविषयक कायद्यानुसार बाहेरून येऊन स्थायिक झालेल्या कुटुंबांच्या मुलांनी फ्रेंच शाळेतच शिकावे लागते. आईबापांपैकी कोणी कॅनडातच इंग्रजीतून शिकलेला असेल, तर त्याच्या मुलांना मोकळीक, इतरांना नाही. त्यामुळे तिची मुलगी, म्हणजे आमची नात, घरी मराठी, शाळेत फ्रेंच आणि रस्त्यावर प्रसंगानुसार इंग्रजी बोलते. पुतणीला प्रारंभी याचा भारी राग येई. "काका, इतक्या दूर येऊन मुलीला इंग्रजी शाळेत घालता येत नाही, हा काय न्याय ?" असे ती म्हणे. आता नात पंधरा वर्षांची आहे. तिने एकदा आम्हांस दूरध्वनीवर एक गाणे पाठविले आणि खाली रोमन लिपीत मराठीतून लिहिले की, आजोबा, हे आमच्या वर्गात सगळ्यांना पाठ आहे. त्यानंतर आम्ही विचारीत गेलो, ती सांगत गेली. फ्रेंच आम्हांस येत नाही. शब्दार्थ तिच्याकडून आणि उरलेले पुस्तकांतून, असा हा अभ्यास झाला आहे.

या गाण्यांचा विचार करण्यापूर्वी थोडा इतिहास सांगणे अवश्य आहे. १३ सप्टेंबर १७५९ या दिवशी क्वेबेक शहराच्या तटाबाहेरील पठारावर इंग्रज आणि फ्रेंच सैन्यांची गाठ पडली. लढाई तासाभराच्या आतच संपली. दोन्ही सेनापती, इंग्रजांचा वुल्फ आणि फ्रेंचांचा माँकाम, प्राणास मुकले. आणि उत्तर अमेरिकेतील फ्रेंच राज्याचा शेवट ठरून गेला. त्यानंतर अवघ्या सोळा महिन्यांनी आपल्याकडे पानिपत झाले. १७६३ च्या तहाने फ्रान्सच्या राजाने हा सारा मुलूख इंग्रजांना देऊन टाकला. दरबार गेला, घरे राहिली. आज क्वेबेकची लोकसंख्या नव्वद लाखांच्या आसपास आहे आणि तिच्या चहूंकडे इंग्रजी बोलणारे पस्तीस कोटींहून अधिक लोक आहेत. एवढ्या समुद्रात ते बेट अद्याप फ्रेंच बोलते, याचे आश्चर्य वाटल्याखेरीज राहत नाही.

बोलते, पण कसे ? पॅरिसहून आलेला पाहुणा तेथेही कौतुकाने हसतो. अडीच शतके मूळ देशापासून तुटलेल्या त्या फ्रेंचमध्ये जुने उच्चार टिकले, कारखान्यातील इंग्रज मुकादमाचे शब्द शिरले, आणि मॉन्ट्रियलच्या कामगारवस्तीत जी बोली तयार झाली तिला लोक 'ज्वाल' म्हणू लागले. 'शेव्हाल' म्हणजे घोडा, या शब्दाचा अडाणी उच्चार म्हणून हे हिणविणारे नाव. सुशिक्षित मंडळी या बोलीस लाजत, शाळामास्तर ती सुधारीत. १९६८ साली मिशेल त्राँब्ले या तरुण नाटककाराने कामगारवस्तीतील पंधरा बायकांचे एक नाटक रंगभूमीवर आणले आणि त्या पंधराही जणींना ज्वालमध्ये बोलावयास लावले. केवढा गहजब झाला ! त्याच वर्षी रोबेर शार्लबुआ आणि त्याच्या सोबत्यांनी रॉक संगीत, विनोद आणि हीच गावंढळ बोली एकत्र करून एक प्रयोग केला. तोपर्यंत क्वेबेकमध्ये फ्रेंच गाणे म्हणजे फेलिक्स लक्लेर किंवा जिल विन्यो यांच्यासारख्या कवि-गायकांचे गंभीर, गिटारीवरचे गाणे, आणि रॉक म्हणजे इंग्रजी, अशी वाटणी होती. ती येथे मोडली. १९७४ साली 'बो दोमाज' आणि 'आर्मोनियम' या दोन वाद्यवृंदांच्या पहिल्या ध्वनिमुद्रिका निघाल्या. घराघरांतील मुले आपल्या गल्लीची नावे, आपल्या बोलीतले शब्द, गिटारीच्या साथीने ऐकू लागली. विन्योच्या १९७५ मधील एका गाण्याचे धृपद तर वाढदिवसाचे गाणे होऊन बसले आहे. आमच्या नातीच्या वाढदिवसाला वर्गातील मुलांनी इंग्रजी 'हॅपी बर्थडे' न म्हणता तेच म्हटले.

वाचकांनी कालक्रम ध्यानात घ्यावा. नाटक आणि गाणी १९६८ ची, वाद्यवृंद १९७४ चे, आणि कायदा १९७७ चा. मुलांना जी भाषा आवडू लागली होती तिला कायद्याने कुंपण घातले. नुसत्या कुंपणाने पीक येत नाही हे आम्ही सरकारी नोकरीत पुष्कळ पाहिले आहे.

कुंपण मात्र भक्कम आहे. कॅनडाच्या प्रसारण आयोगाच्या नियमाप्रमाणे फ्रेंच आकाशवाणी केंद्रांना आठवड्यातील सुगम गाण्यांपैकी शेकडा ६५ गाणी फ्रेंचच लावावी लागतात. खुद्द फ्रान्सनेही १९९४ च्या कायद्याने असा निर्बंध घातला आणि १९९६ पासून तो अमलात आला. तेथे मूळ प्रमाण शेकडा ४० चे, आणि त्यांतील निम्मी गाणी नवोदितांची किंवा नव्याने निघालेली असावीत अशी अट. ही दुसरी अट आम्हांस फार शहाणपणाची वाटते. नाहीतर भाषेच्या नावाखाली तीच वीस जुनी गाणी फिरवून फिरवून लावण्याचा मोह कोणत्याही केंद्राला व्हावयाचा. आणि आपल्या गणेशोत्सवाच्या कर्ण्यांकडे पाहता, केवळ केंद्रांनाच होतो असे नाही.

आता नातीने प्रथम पाठविलेल्या गाण्याविषयी. ते 'ले काउबॉय फ्रँगाँ' या वृंदाचे होते. मॉन्ट्रियलजवळच्या रपाँतिन्यी या गावात गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात ही मंडळी एकत्र आली. नाव ऐकून ती अमेरिकन थाटाची असतील असे वाटते. प्रत्यक्षात व्हायोलिन, अकॉर्डियन, मेंडोलिन अशी आजोळची वाद्ये आणि रॉकचा ठेका यांचे ते मिश्रण आहे. गाणी बहुधा झाँ-फ्राँस्वा पोझे लिहीत असे आणि कार्ल त्राँब्ले गात असे. विषय पाहावेत : उपनगरातील कंटाळवाणे आयुष्य, बंद पडणारे कारखाने, जंगलतोड, सरकारची निंदा, मैत्री, उताराला लागलेले वय. २०१९ च्या एका गाण्यात मालमोटार चालविणारा माणूस अमेरिकेच्या महामार्गावरून एकटाच चालला आहे आणि काचेतून जे दिसते ते सांगतो आहे. आमच्या शहराबाहेर देवास रस्त्यावर रात्रभर मालमोटारी थांबतात. त्या चालकांच्या मनात काय चालते, हे आम्ही मराठी किंवा हिंदी गाण्यात कधी ऐकल्याचे स्मरत नाही. प्रेम आणि पाऊस यांपलीकडे गाण्याला काही विषय असू शकतो, हे या मंडळींनी आम्हांस पुन्हा एकदा दाखविले. संतांनी ते पूर्वीच दाखविले होते. जात्यावर, मोटेवर, मळ्यात त्यांची गाणी होती.

कार्ल त्राँब्ले यास कर्करोग झाला. त्याने ते लपविले नाही. १७ जुलै २०२३ रोजी क्वेबेकच्या ग्रीष्मोत्सवात त्याचे गाणे झाले ते नेमक्या त्या १७५९ च्या रणभूमीवर. आज ती एक विस्तीर्ण हिरवी टेकडी आहे. सुमारे नव्वद हजार माणसे जमली होती असे वृत्तपत्रांनी लिहिले. तो थकला होता, मधून मधून बसून गात होता. जेथे त्याचा आवाज अपुरा पडे तेथे समुदाय गात असे. पुढे चार महिन्यांनी, १५ नोव्हेंबर रोजी, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी तो गेला. क्वेबेक सरकारने त्यास राष्ट्रीय सन्मान दिला आणि मॉन्ट्रियलच्या मोठ्या क्रीडागृहात श्रद्धांजलीचा कार्यक्रम झाला. आमच्या नातीच्या शाळेत त्या दिवशी मुले रडली. एका गाणाऱ्यासाठी ? असा प्रश्न आम्ही केला तेव्हा ती म्हणाली, "आजोबा, ही गाणी नसती तर मी फ्रेंच फक्त परीक्षेपुरतं शिकले असते."

हे वाक्य आम्हांस अनेक दिवस पुरले. कारण तिने ते शुद्ध मराठीत म्हटले खरे. पण ती मराठी आजी, आई आणि आम्ही यांच्याशीच बोलते. तिच्या वयाच्या कोणाशी बोलत नाही. तिच्या वयाचे मराठी गाणे तिच्याकडे नाही.

क्वेबेकचे इतर वृंद पुष्कळ आहेत. सर्वांची यादी देण्याचे प्रयोजन नाही. 'मालाज्यूब' हा २००६ मध्ये देशभर गाजला. 'कार्क्वा' या वृंदाने २०१० साली पोलॅरिस पारितोषिक मिळविले. ते पारितोषिक खप न पाहता केवळ गुणावर, सर्व कॅनडातील उत्कृष्ट ध्वनिमुद्रिकेस देतात, आणि फ्रेंच गाण्यांच्या मुद्रिकेस ते मिळण्याची ती पहिलीच वेळ होती. कार्क्वाचे संगीत मंद, धुकटलेले, थोडे दुर्बोध आहे. आम्हांस ते रात्री एकट्याने ऐकण्यास बरे वाटते. याच मॉन्ट्रियलचा 'आर्केड फायर' हा वृंद जगात त्यांच्याहून कितीतरी अधिक प्रसिद्ध आहे, पण तो मुख्यतः इंग्रजीत गातो. दोन्ही एकाच शहरात, एकाच काळात. कोणती भाषा निवडली की कोणते दार उघडते आणि कोणते बंद होते, हे याहून स्पष्ट कोठे दिसावयाचे ?

या सर्वांना 'इंडी' असे म्हणतात, म्हणजे स्वतंत्र. मोठ्या ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या आश्रयाशिवाय, लहान संस्थांकडून किंवा स्वतःच्या पैशाने गाणी काढणारे, एवढाच त्याचा मूळ अर्थ. आता तो एका शैलीलाही लावतात. पूर्वी ध्वनिमुद्रिका काढणे म्हणजे कंपनीच्या दारात उभे राहणे होते. आज घरातल्या खोलीत एका संगणकावर ते होते. त्यामुळे जी भाषा कंपनीला परवडत नाही तिच्यातही गाणे निघू शकते, ही आपल्यासारख्यांना महत्त्वाची गोष्ट.

क्वेबेकच्या पूर्वेस समुद्रकाठी अकादी हा आणखी एक जुना फ्रेंच मुलूख आहे. १७५५ पासून इंग्रजांनी तेथील फ्रेंच रहिवाशांना जहाजांत घालून देशोधडीला लावले. काही परतले, काही लुइझियानात पोहोचले. परतलेल्यांच्या वंशजांची 'शियाक' ही बोली फ्रेंच आणि इंग्रजी यांची अशी काही सरमिसळ आहे की, क्वेबेकची माणसेही, ज्यांना पॅरिस हसते, तिला हसतात ! उतरंडीत प्रत्येकाला हसण्यासाठी कोणी तरी खाली लागतोच. 'रेडिओ रेडिओ' या वृंदाने याच बोलीत रॅप केले. रोझेरव्हिल नावाच्या एका खेड्यातील लिसा लब्लाँ ही मुलगी बँजो घेऊन उभी राहिली आणि २०१२ च्या तिच्या पहिल्या मुद्रिकेने साऱ्या फ्रेंच कॅनडाचे लक्ष वेधले. तिने उच्चार सुधारले नाहीत. आमच्यातील शिक्षकाला प्रथम हे खटकले, हे नमूद करतो; पण मग 'दूध फाटले' आठवले.

लुइझियानात पोहोचलेल्यांची कहाणी अधिक कडू आहे. तेथे १९२१ च्या राज्यघटनेने सरकारी शाळांत केवळ इंग्रजीतून शिकविण्याचे बंधन घातले. शाळेच्या आवारात फ्रेंच बोलले म्हणून मुलांना शिक्षा होत, 'मी फ्रेंच बोलणार नाही' असे पुनःपुन्हा लिहावे लागे. त्या पिढीने पुढे आपल्या मुलांशी फ्रेंच बोलणेच सोडले. लेकरांना मार बसू नये म्हणून. १९६८ साली राज्याने फ्रेंचच्या संवर्धनासाठी संस्था स्थापन केली, तोवर फार उशीर झालेला होता. तरी 'लॉस्ट बायू रॅम्बलर्स' या तेथील वृंदाला केजन फ्रेंचमधील गाण्यांसाठी २०१८ मध्ये ग्रॅमी मिळाले. भाषा घरातून गेली आणि व्हायोलिनीवर राहिली, असे म्हणावे काय ? आमच्या शाळेत आसपासच्या खेड्यांतून मुले येतात, ती मैदानात माळवी बोलतात आणि वर्गात शिरताच तोंड मिटतात. त्यांना कोणी शिक्षा करीत नाही. 'शुद्ध बोल' एवढेच म्हणतात.

फ्रान्सकडे वळावे तर तेथे उलटी गंमत. व्हर्साय येथील 'फिनिक्स' या वृंदाने २०१० साली ग्रॅमी मिळविले, पण इंग्रजी गाण्यांनी. ज्यांच्या भाषेला कोणताच धोका नाही ते खुशाल तिला बाजूस ठेवतात. तरी फ्रेंचमध्ये गाणाऱ्यांची परंपरा तेथे मोठी आहे : गेल्या शतकातील 'तेलेफोन', 'नुआर देझिर', व्हायोलिनला पुढे आणणारे 'लुईज आताक', आणि अलीकडचे 'ला फाम'. आम्हांस त्यांत विशेष भावला तो 'फ शातेरतोन'. 'फ' या शब्दाचा एक अर्थ अग्नी आणि दुसरा 'कैलासवासी'. चॅटरटन हा अठराव्या वर्षांपूर्वीच मेलेला इंग्रज कवी. म्हणजे 'कै. चॅटरटन' असे हे नाव ! २१ फेब्रुवारी २०२४ रोजी फ्रान्सने मिसाक मानुशियाँ याच्या अस्थी पॅरिसच्या पाँतेआँमध्ये, राष्ट्रपुरुषांच्या समाधिस्थानात, आणल्या. हा आर्मेनियन वंशाचा एक अनाथ मुलगा. फ्रान्समध्ये मजुरी करीत कवी झाला, जर्मनांविरुद्ध लढला आणि ऐंशी वर्षांपूर्वी त्याच तारखेस त्याला गोळ्या घालण्यात आल्या. जर्मनांनी त्याच्या साथीदारांची परदेशी नावे तांबड्या भित्तिपत्रकावर छापून 'हे फ्रेंच नव्हेत' असा डांगोरा पिटला होता. त्यावर आरागाँने कविता लिहिली, लेओ फेरे याने तिला चाल दिली, आणि या समारंभात ती गाण्याचा मान मिळाला तो या तरुण रॉक वृंदाला. थंडी-पावसात ते गायले. देशाच्या सर्वांत गंभीर प्रसंगी गिटार घेतलेल्या पोरांना उभे करावे, याचा धांगडधिंगा झाला असे तेथे कोणास वाटले नाही.

बेल्जियमच्या ब्रुसेल्सचा 'स्त्रोमाय' याला आपले तरुण वाचक कदाचित ओळखत असतील. 'माएस्त्रो' या शब्दाची अक्षरे उलटी करून हे नाव केले आहे. आपल्याकडे मुले 'च'च्या भाषेत बोलतात तसाच हा फ्रेंच पोरांचा खेळ. त्याचे वडील रवांडाचे, १९९४ च्या नरसंहारात मारले गेले. २०१३ मध्ये साऱ्या युरोपला नाचविणारे त्याचे गाणे वस्तुतः न भेटलेल्या बापाला शोधणाऱ्या मुलाचे आहे. लोक नाचतात आणि मग शब्द कळतात.

आता आपल्या अगदी जवळची गोष्ट. हिंदी महासागरातील मॉरिशस बेटावर एकोणिसाव्या शतकात कोकणातून मराठी माणसे मजुरीस गेली. त्यांच्या वंशजांच्या घरी आज क्रिओल बोलतात, वृत्तपत्र फ्रेंच येते, कचेरीत इंग्रजी चालते आणि गणपतीपुढे मराठी आरती होते. गणेश चतुर्थीस त्या देशात सार्वजनिक सुटी असते. १९७० साली मोका येथे स्थापन झालेल्या महात्मा गांधी संस्थेत मराठी शिकविली जाते. कोकणातील जाखडी तेथे 'झाकरी' या नावाने टिकून आहे. ऊसमळ्यांतील आफ्रिकी गुलामांचे सेगा हे गाणे-नाचणे एके काळी सभ्य समाजात ओवाळून टाकलेले होते. २०१४ मध्ये युनेस्कोने ते मानवजातीचा वारसा म्हणून नोंदविले. काया या गायकाने सेगामध्ये जमैकाचा रेगे मिसळून नवाच प्रकार काढला. १९९९ मध्ये पोलीस कोठडीत त्याचा मृत्यू झाला आणि बेट पेटले. तारीख पुन्हा २१ फेब्रुवारी, जो पुढे मातृभाषा दिन म्हणून जगभर पाळला जाऊ लागला. योगायोग आहे, अधिक काही नाही. २०१२ पासून तेथील प्राथमिक शाळांत क्रिओल हा ऐच्छिक विषय झाला आहे. फ्रेंचच्या सावलीत क्रिओल, क्रिओलच्या सावलीत मराठी. सावलीलाही सावली असते.

मग मराठीत असे कोणी गात नाही काय ? गातात. मुंबईचा 'अभंग रिपोस्ट' हा वृंद तुकोबा-नामदेवांचे अभंग गिटार आणि ड्रमच्या साथीने गातो, आणि शब्द स्वच्छ उच्चारतो. अमरावतीचा एक तरुण 'हंड्रेड आरबीएच' या नावाने मराठी-हिंदी रॅप करतो. त्यातील राग खरा आहे. २०१६ च्या 'सैराट'ची गाणी तर आमच्या शहरातील हिंदीभाषक घरांच्या वरातींतही वाजली, शब्द न कळता. परंतु हे सर्व महाराष्ट्रातून येते. माळव्याच्या, बडोद्याच्या, तंजावरच्या मराठीत, जी आपण खरोखर बोलतो त्या मराठीत, कोणी तरुण गाणे करतो आहे असे आम्ही ऐकले नव्हते.

यंदा ते ऐकण्याचा योग आला आणि त्यावरून मंडळात वादही झाला. आमच्या येथील गणेशोत्सवात एका संध्याकाळी पाऊण तास मिळावा, असा अर्ज पाच मुलामुलींनी कार्यकारिणीकडे केला. वाद्ये गिटार, तबला, एक की-बोर्ड. सहा गाणी : तीन अभंग, एक माळवी लोकगीत आणि दोन स्वतः रचलेली. ज्येष्ठ सभासदांचे म्हणणे असे की, देवापुढे हा प्रकार नको, आणि मुलांनी आधी शुद्ध मराठी लिहावयास शिकावे. एका आजींनी विचारले, "अरे, सुगम संगीताचा कार्यक्रम ठरलेलाच आहे ना ?" तो ठरलेलाच आहे, गेली बावीस वर्षे, त्याला येणाऱ्या श्रोत्यांत चाळिशीच्या आतील चारजणही नसतात, हे कोणी बोलले नाही, म्हणून आम्ही बोललो. पॅरिसचा समारंभही सांगितला. त्याचा फारसा परिणाम झाला असे वाटत नाही. परिणाम झाला तो मुलांनी गाणे म्हणून दाखविले तेव्हा.

ते गाणे पहाटे नळाची वाट पाहणाऱ्या घराविषयी आहे. घागरी, बादल्या, जागरण, शेजारणीचे भांडण, आणि शेवटी धृपद येते त्यात 'नळ आले' असे शब्द आहेत. येथे आमचे एक सहकारी, जे मराठीचे उत्तम जाणकार आहेत, थांबवून म्हणाले की, नळ येत नाहीत, नळाला पाणी येते; तेवढे दुरुस्त करा. मुलांनी दुरुस्त करून म्हणून पाहिले. चाल मोडली, आणि ज्या आजी विरोध करीत होत्या त्याच म्हणाल्या, "नळ आले असंच म्हणतो की रे आपण !" शब्द तसेच ठेवावयाचे ठरले. कार्यक्रम रविवारी सायंकाळी आठ वाजता आहे. मॉन्ट्रियलमध्ये तेव्हा सकाळचे साडेदहा असतील आणि नात दूरध्वनीवर ऐकणार आहे. मुलांना तालमीसाठी मंडळाची वरची खोली दिली आहे. तबला मंडळाचाच आहे, त्याची पुडी मात्र फाटली आहे आणि ती बदलून आणण्याचा खर्च कोणत्या खाती टाकावा, यावर पुढील बैठकीत निर्णय व्हावयाचा आहे.